पायांसाठीचं जेवण

कॅन्सर झाल्याचं कळलं की लोक आधी तुमच्या ताटात डोकावतात. झोप लागते का, भीती वाटते का, हे प्रश्न मागाहून येतात आणि बरेचदा येतच नाहीत. माझ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरची बातमी नात्यागोत्यात फिरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. साखर बंद करा, दूध बंद करा, फक्त कच्चं खा, कच्चं अजिबात खाऊ नका. एकाने टोमॅटोचा रस सकाळ-संध्याकाळ सांगितला, दुसऱ्याने टोमॅटोच वर्ज्य केला. हेतू सगळ्यांचा चांगला होता. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला 'रडू येतं का हो?' असं विचारायची सवय कुणाला असते? त्यापेक्षा 'काय खाता?' हे विचारणं सोपं. उत्तर ऐकूनही घेता येतं.

मी आयुष्यभर ऑडिटचं काम केलं. कुणी काही ठासून सांगितलं की 'व्हाउचर दाखवा' हे आपसूक तोंडातून निघतं. घरच्यांना या खोडीचा जुना वैताग आहे, पण दुखण्यात ती कामी आली. रात्री झोप लागत नव्हतीच, तेव्हा वाचत बसलो.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते, आणि काही जणांच्यात तिच्यात कॅन्सर होतो. हा कॅन्सर बहुतेकांच्यात सावकाश चालतो. ब्रिटनमध्ये 1999 ते 2009 या काळात, लवकर सापडलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांची एक प्रकारे चिठ्ठ्या टाकूनच तीन गटांत वाटणी केली गेली. एकांवर शस्त्रक्रिया, दुसऱ्यांना रेडिएशन, तिसऱ्यांवर नुसती नजर. 15 वर्षांचा हिशेब 2023 साली आला. तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले शेकडा 3 च्या आसपास. माझं दुखणं ग्रंथीच्या भिंतीबाहेर थोडं सरकलेलं आहे, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा माझ्या खात्यावर जमा करता येत नाही. तरीही तो वाचून त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग झोपलो.

एवढं कळलं की या आजारात बहुधा बराच काळ काढायचा असतो. यातले पुष्कळ म्हातारे शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जातात, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा. काळ बराच असेल तर ताटाकडे बघायची नजर बदलते. मी काय खाल्लं म्हणजे गाठ मरेल, हे विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही. पुढची वर्षं कशाच्या जोरावर काढायची, हे विचारावं लागतं. हा बदल माझ्या डोक्यात उपचार सुरू झाल्यावर झाला, आणि त्याला कारण ते हॉर्मोनचं इंजेक्शन.

प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. हे 1941 साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं. रुग्णांचे वृषण काढून टाकले किंवा त्यांना स्त्री-हॉर्मोन दिलं की आजार मागे हटतो, असं त्यांना दिसलं. 1966 साली त्यांना नोबेल मिळालं. आता वृषण काढायची गरज सहसा पडत नाही. दर काही महिन्यांनी एक इंजेक्शन घेतलं की टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर येतं. इंजेक्शनला दोन मिनिटं लागतात. त्याचा हिशेब मात्र पुढे कित्येक महिने चालू राहतो.

आधी घाम सुरू झाला. बसल्या जागी छातीपासून वर एक ऊब चढते, चेहरा लाल होतो, सदरा पाठीला चिकटतो आणि पाच मिनिटांत सगळं थंड. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ही समोर बसून वर्तमानपत्र वाचत होती. तिने उठून पंखा वाढवला आणि म्हणाली, "अहो, माझ्या वेळी पंखा वाढवला की तुम्हाला थंडी वाजायची." त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. गरमागरम पेय, तिखट आणि दारू यांनी हे घामाचे झटके वाढतात, एवढं पथ्य मी लगेच मान्य केलं. ते दुसऱ्या दिवशीच पटतं, कुणी पटवावं लागत नाही.

दुसरा बदल उशिरा लक्षात आला, कारण वजनकाटा तो दाखवत नाही. माझं वजन होतं तेवढंच होतं. सगळे म्हणत, छान, वजन टिकवून आहात. पण तीच पॅन्ट कमरेला आवळत होती आणि मांडीवर लोंबत होती. टेस्टोस्टेरॉन गेलं की स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, तीही मुख्यतः पोटावर. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, रक्तातली साखर वाढायची शक्यता वाढते, हृदयावर ताण येतो. म्हणजे बेरीज जुळलेली आणि आतल्या नोंदी सगळ्या बदललेल्या. ऑडिटमध्ये अशी खाती मी पुष्कळ पाहिली आहेत. काट्यावर विसंबून राहणारा घरचा माणूस आणि घाईत असलेला डॉक्टर, दोघंही यात फसतात.

आणि एक गोष्ट, जी आमच्या वयाचे पुरुष डॉक्टरांनाही सांगत नाहीत. इच्छा जाते. नुसती शरीराची ताकद जात नाही, मनातली ओढच विझते. विचित्र हे की ती गेल्याचं दुःखही धड होत नाही, कारण दुःख करायला लागणारी ओढही तिच्याबरोबर गेलेली असते. वाईट वाटतं ते दुसऱ्याच वेळी. हिने सहज हात हातात घेतला की आपण हिच्यापासून काहीतरी लपवतो आहोत असं वाटतं. मग हात सोडवून घ्यायला निमित्त शोधलं जातं. आम्ही यावर बोललो, पण त्याला बराच काळ जावा लागला, आणि बोलणं झालं तेही स्वयंपाकघरात, एकमेकांकडे न बघता.

आता ताटाकडे वळतो. सुनेने फ्रिजवर एक यादी लावली होती, डावीकडे 'चालेल', उजवीकडे 'नको'. उजवी बाजू दर आठवड्याला लांबत गेली. साखर तिथे सगळ्यात वर होती. साखर गाठीला पोसते, हे वाक्य इतक्या लोकांकडून ऐकलं की ते खरंच असणार असं वाटायला लागतं. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोजवर चालते, चांगलीही आणि वाईटही. तुम्ही साखर पूर्ण सोडली तरी यकृत रक्तातली साखर राखतंच. तेव्हा गाठीला उपाशी मारायचा हा मार्ग नव्हे. साखर कमी करावी हे मात्र खरं, कारण इंजेक्शनमुळे मधुमेहाकडे वाटचाल होऊ शकते आणि पोट सुटतं. पथ्य तेच, पण कारण वेगळं असल्यामुळे मनाला फार फरक पडला. पहिल्या कारणात प्रत्येक गोड घास म्हणजे गुन्हा होता. दुसऱ्यात वाढदिवसाच्या केकचा एक तुकडा हा केकचा एक तुकडाच राहतो.

गोळ्यांचंही तसंच. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व प्रोस्टेटसाठी चांगलं, असं मला दोन वेगवेगळ्या सुशिक्षित माणसांनी सांगितलं. याचं व्हाउचर मिळालं. अमेरिकेत 2001 साली 35,533 निरोगी पुरुषांना घेऊन हेच तपासायला एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. रोज सेलेनियम, रोज ई जीवनसत्त्व, दोन्ही मिळून किंवा नुसती खोटी गोळी. 2008 साली गोळ्या थांबवाव्या लागल्या, कारण फायद्याचा मागमूस नव्हता. 2011 मध्ये पुढचा हिशेब आला, आणि नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त निघाला. ज्याने टाळायचा, त्यानेच वाढला. मी हा आकडा छापून फ्रिजवर यादीशेजारी लावला. सूनबाई समजूतदार, तिने निमूटपणे एक ओळ खोडली.

भाज्यांचा अभ्यास मला जास्त विचार करायला लावणारा वाटला. ज्यांचा कॅन्सर सौम्य आहे आणि ज्यांच्यावर नुसती देखरेख चालू आहे अशा 478 पुरुषांपैकी निम्म्यांना फोनवरून सतत मार्गदर्शन करून दिवसाला सात किंवा जास्त वेळा भाजी खायला लावलं. ते खाऊ लागले हे रक्तातूनही दिसलं. दोन वर्षांनी आजार पुढे सरकण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. निकाल 2020 साली छापून आला. भाज्या सोडा असा याचा अर्थ काढणं मूर्खपणाचं होईल. हृदयाला, आतड्याला, साखरेला त्या हव्यातच. पण एखाद्याचा पीएसए, म्हणजे या आजाराचा माग ठेवायला रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन, वाढला तर 'भाजी कमी पडली' असं कुणी त्याला सुनावू नये, आणि त्याने स्वतःलाही सुनावू नये. कॅन्सरच्या वॉर्डात ही अपराधीपणाची भावना मी फार पाहिली. आपण काहीतरी चुकीचं खाल्लं म्हणून हे झालं, असं प्रत्येकाला वाटत असतं.

यादीतल्या उजव्या बाजूचा परिणाम असा झाला की मी कमी खाऊ लागलो. कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. पण दर घासाला 'हे चालेल ना?' असा प्रश्न असेल तर माणूस अर्ध्यावर उठतो. त्याच सुमारास माझी चिडचिड वाढली, बोलणं कमी झालं, पुस्तकात लक्ष लागेना, फोन वाजला की नको वाटायचं. सगळ्यांनी, मीसुद्धा, ते कॅन्सरच्या खात्यावर टाकलं.

मग मिनेसोटाचा प्रयोग वाचनात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर युरोपातल्या भुकेल्या लोकांना सावरायचं कसं, हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांचं सुमारे पाव वजन घटलं. पण माझं लक्ष त्यांच्या वजनाकडे नव्हतं. ती हसरी, उत्साही पोरं चिडकी झाली, एकलकोंडी झाली, उदास झाली. थट्टामस्करी थांबली, मैत्रिणींमधला रस गेला, डोक्यात दिवसरात्र अन्न. यातल्या कुणालाही कॅन्सर नव्हता, फक्त जेवण कमी होतं. माझी उपासमार तितकी नव्हती, आणि माझ्या उदासीला इंजेक्शन होतं, भीती होती, अपुरी झोप होती. तरी त्या बेरजेतली एक रक्कम ताटातून आली होती, असं मी आता खात्रीने म्हणतो. आपण भीतीपोटी कमी खातो, कमी खाल्ल्याने मन खचतं, आणि खचलेल्या मनाला भूक लागत नाही. कुठून तरी हे तोडावं लागतं, आणि मनापेक्षा ताटाच्या बाजूने तोडणं सोपं जातं.

म्हाताऱ्या पुरुषाचं औदासीन्य रडण्यातून क्वचित दिसतं. तो टीव्हीचा आवाज वाढवतो, बारीकसारीक गोष्टीवरून घर डोक्यावर घेतो, ताट सरकवून ठेवतो. 'भूक नाही' हे त्याच्या तोंडी सगळ्यात सभ्य वाक्य असतं. त्याच्या आड काहीही लपतं. घरचे ते शब्दशः घेतात आणि आणखी चविष्ट काहीतरी करायला लागतात. आमच्या तपासण्यांच्या वेळी रुग्णालयात एक समुपदेशक मुलगी बसते, माझ्या नातीहून थोडी मोठी असेल. तिने मला काय खाता हे विचारलंच नाही. तिने विचारलं, "कुणाबरोबर जेवता?" मी थांबलो. गेले काही महिने मी एकटाच जेवत होतो.

त्याचं कारण अगदी क्षुल्लक होतं. इंजेक्शनच्या जोडीला मला ॲबिराटेरोनच्या, म्हणजे पुरुषी हॉर्मोन तयार होणं रोखणाऱ्या, गोळ्या आहेत. त्या रिकाम्या पोटी घ्याव्या लागतात. खाऊन निदान दोन तास झालेले असावेत आणि नंतर निदान एक तास काही खायचं नाही. पोटात अन्न असताना घेतल्या तर औषधाचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, त्यामुळे यात सूट नाही. मी त्या सकाळी उठल्याबरोबर घ्यायचो. म्हणजे उठल्यावरचा चहा गेला. ही तिच्या वेळेला चहा घेऊन कामाला लागायची, मी तासाभराने एकटा. मग न्याहारी पुढे, दुपारचं जेवण पुढे, दिवसभराची साखळीच वेगळी झाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सकाळचा पहिला चहा आम्ही एकत्र घेतला आहे. त्या वेळात आम्ही फार बोलतो असंही नाही. पण तो वेळ गेला हे आमच्यापैकी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. त्या मुलीने डॉक्टरांना विचारलं, गोळ्या रात्री झोपताना घेतल्या तर? रात्रीचं जेवण लवकर आटपायचं, दोन तासांनी गोळ्या, मग झोप. हरकत नव्हती. सोबतची स्टिरॉइडची गोळी तेवढी सकाळी, न्याहारीबरोबर. दुसऱ्या दिवशी चहा परत मिळाला. माझ्या मते त्या महिन्यात मला दिलेला सर्वांत परिणामकारक उपचार तो होता. कुठल्याही फायलीत त्याची नोंद झालेली नाही.

खाण्याइतकाच गोंधळ पिण्याचा. प्रोस्टेटच्या रुग्णाला लघवीची धास्ती असते. शस्त्रक्रिया झालेल्यांना थेंब-थेंब गळण्याची, रेडिएशनवाल्यांना अचानक लागण्याची. त्यावर प्रत्येकाने स्वतःपुरता शोधलेला उपाय म्हणजे पाणी कमी पिणं. बाहेर जायचं असेल तर सकाळपासून घोटभर. त्याने लघवी गडद होते, मूत्राशयाला जास्त झोंबते आणि उलट वारंवार लागते. बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं, जास्त वय असेल तर माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. मग बाहेर जाणंच बंद. त्यापेक्षा दिवसा भरपूर प्यावं आणि झोपण्याआधीचे दोनेक तास हात आखडावा. चहा-कॉफी मूत्राशयाला चाळवते, ती संध्याकाळनंतर नको. माझा सकाळचा चहा मात्र शाबूत आहे.

आणि गंमत अशी की रेडिएशनला नेमकं उलटं सांगतात. मूत्राशय भरलेलं हवं, म्हणजे ते वर उचललं जातं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला राहतं. मोठं आतडं रिकामं हवं, कारण त्यात वायू साठला तर प्रोस्टेट जागचं हलतं. म्हणून त्या आठवड्यांत वायू करणाऱ्या डाळी आणि भाज्या कमी करायला सांगतात. घरी सुनेच्या यादीत डाळी डाव्या बाजूला सगळ्यात वर होत्या, त्यामुळे तिथेही एक रोजची चकमक झाली. तर, आत जायच्या आधी ठरलेलं पाणी ठरलेल्या वेळेला प्यायचं आणि धरून बसायचं.

ती खोली मला पक्की आठवते. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, बाटलीवर पेनाने मारलेली खूण. सगळे साठ ते ऐंशीच्या दरम्यानचे. कुणी निवृत्त अधिकारी, कुणी गवंडी, कुणी एकेकाळचा कुस्तीगीर, आणि सगळे एकाच वेळी घड्याळाकडे बघत गुडघे जुळवून बसलेले. पहिले काही दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग एकदा मशीन बंद पडलं. अर्धा तास उशीर होईल अशी सूचना आली, आणि त्या कुस्तीगिराच्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे लिहिता येणार नाही. पण त्यावर सगळी रांग हसली, आणि हसू आल्यावर धरून ठेवणं आणखी अवघड झालं, म्हणून आणखी हसली. दोघं धावत आत गेले. परत येऊन त्यांना पुन्हा पहिल्यापासून पाणी प्यावं लागलं. त्या दिवसानंतर तिथे सगळं बोललं गेलं. पॅड कुठले, रात्री किती वेळा उठता, बायकोला काय सांगितलं, जेवण जातं का. आहाराबद्दल मी जे पुस्तकात वाचलं त्याहून जास्त उपयोगी माहिती त्या खुर्च्यांवर मिळाली. आणि घरी येऊन मी दोन्ही वेळा व्यवस्थित जेवायला लागलो.

कुस्तीगिरानेच मला खुर्चीची परीक्षा दाखवली. हात छातीशी बांधायचे आणि खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. 15 सेकंदांहून जास्त लागले तर पायांतली ताकद घटली असं डॉक्टर मानतात. मला किती लागले ते सांगत नाही. त्या दिवसापासून मी गाठीसाठी जेवणं सोडलं आणि पायांसाठी जेवायला लागलो. कारण संडासात उठता येणं, जिना चढता येणं, पडलो तर हाड न मोडणं हे सगळं त्यात आलं. चारचौघांत जायचं तर तिथवर चालत जाता यायला हवं. उदास माणसाला 'बाहेर पडा' म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण पडायचं कशाच्या बळावर, ते कुणी सांगत नाही.

पायांसाठी जेवायचं म्हणजे प्रथिनं. वय झालेल्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज निदान 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, अशा आजारात 1.5 पर्यंत. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारूनच. 70 किलोच्या माणसाला 70 ग्रॅमच्या वर झाले. एका अंड्यात सुमारे सहा, पेलाभर दुधात सहा-सात. अशा बारीक नोंदी जोडत सत्तरला पोचायचं, तेही कमी भुकेत. रात्री एकदम उरकण्यापेक्षा तिन्ही वेळा वाटून घेतलेलं चांगलं. दूध, दही, अंडी, मासे, डाळी, सोयाबीन, ज्याला जे रुचेल ते. भूक नसेल तर पोटभर पाणी किंवा सूप पिऊन मग जेवायला बसू नये, घन पदार्थ आधी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाडांसाठी, आणि हाडांची घनता एकदा मोजून घ्यावी. हाडं बळकट करणाऱ्या इंजेक्शनाआधी दात तपासून घ्यायला सांगतात, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. त्या निमित्ताने माझी सैल झालेली कवळीही बसवून घेतली, आणि 'भूक नाही' यातला काही भाग नुसता कवळीचा होता असं निघालं.

पण नुसतं खाऊन स्नायू बनत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. कॅनडात 2003 साली हॉर्मोनचे उपचार चालू असलेल्या 155 पुरुषांचा अभ्यास झाला. आठवड्यातून तीनदा, 12 आठवडे वजनं उचलणाऱ्यांचा थकवा कमी झाला. थकलेल्या माणसाला विश्रांती घ्या म्हणायची आपली सवय, आणि इथे वजनं उचलून थकवा उतरतो. मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलतो आणि खुर्चीतून उठाबशा काढतो. फिजिओथेरपिस्टला दाखवून, कारण हाडांत आजार पसरला असेल तर कुठलंही वजन उचलून चालत नाही.

पीएसएची तपासणी आली की मात्र हे सगळं शहाणपण गळतं. रक्त देण्याच्या आधीचा आणि निकाल येईपर्यंतचा काळ मी काय खातो हे मला सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. यावर मला उपाय सापडलेला नाही. ही आता त्या दिवसांत ताटाबद्दल अवाक्षर काढत नाही, बाजूला फक्त एक उकडलेलं अंडं ठेवते. खाल्लं तर खाल्लं. पण हा काळ आणि त्याहून निदानानंतरचे पहिले काही महिने सगळ्यांनी जपायचे असतात. स्वीडन आणि अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींमधून दिसलं आहे की प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झाल्यावर सुरुवातीच्या काळात पुरुषांत आत्महत्येचा धोका वाढतो. ज्या आजारात बहुतेकांना वर्षानुवर्षं मिळतात, त्यात हे व्हावं याचा मला राग येतो. माणूस खायचा थांबला, झोपायचा थांबला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला सरळ विचारावं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. येतं म्हणाला तर एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

कुस्तीगिराचा आजार पुढे हाडांत गेला. किमोने त्याच्या तोंडाची चव गेली, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. धातूचा चमचा सोडून लाकडी वापरला, गरम सोडून थंड खाल्लं, त्याने काही काळ निभावलं. पण पुढे एक टप्पा येतो. त्यात शरीरच अन्न नाकारतं, आणि कितीही भरवलं तरी वजन परत येत नाही. त्याची मुलं हातात वाटी घेऊन मागे लागायची, आणि तो त्यांच्यासाठी दोन घास गिळून नंतर ओकायचा. तिथे माझं 70 ग्रॅमचं गणित संपतं. डॉक्टरांनी मुलांना बाजूला घेऊन सांगितलं की ते उपाशी आहेत म्हणून खंगत नाहीत, आजारामुळे खंगत आहेत. त्यानंतर घरात वाटी खाली ठेवली गेली, आणि मुलं त्याच्या पायाला तेल लावत बसू लागली. मी भेटायला गेलो की तो मला खुर्चीतून उठून-बसून दाखवायला लावायचा आणि तोंडाने आकडे मोजायचा.

परवा एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. त्याच्या वडिलांचं नुकतंच निदान झालंय, रेडिएशन सुरू व्हायचंय. "काका, बाबांना खायला काय द्यायचं?" मी त्याला विचारलं, ते खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेतात का, दिवसात पाणी किती पितात, आणि कुणाबरोबर जेवतात. तो गडबडला. बघून सांगतो म्हणाला. मग मी म्हटलं, फोन त्यांनाच दे. बराच वेळ आम्ही बोललो, त्यातलं खाण्याबद्दल फार थोडं. शेवटी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की पाणी पिऊन इतका वेळ धरवतं का हो? मी सांगितलं, मापाच्या खुणा असलेली बाटली घ्या, दाराजवळची खुर्ची पकडा, आणि इलॅस्टिकची पॅन्ट घालून जा. बटणं उघडत बसायला वेळ मिळत नाही.